कानाच्या पाळीइतकं थंड

सर माणसाचा चेहरा नंतर बघत, कान आधी. नमस्कारासाठी हात जोडलेले असत, तोंडावर हसूही असे, पण तेवढ्यात त्यांची नजर तुमच्या एका कानाच्या पाळीवरून दुसऱ्या पाळीवर जाऊन आलेली असे. ते चर्मरोगाचे डॉक्टर होते आणि त्यांचं सगळं आयुष्य महारोग्यांमध्ये गेलं होतं. त्या रोगात पुष्कळदा कानाच्या पाळ्या जाड होतात, गाठाळतात. घरच्यांना ते दिसायच्या आधी सरांना रस्त्यातल्या रस्त्यात दिसे. एकदा नागपूरच्या सीताबर्डीवर एका कापड दुकानदाराची पाळी त्यांनी गल्ल्यापलीकडून हात घालून सरळ दोन बोटांत धरली. दुकानदार ताडकन उभा राहिला. "काही नाही, जातीचीच भरदार आहे. तुमच्या वडिलांची पण अशीच असन," असा त्याला दिलासा देऊन सरांनी शांतपणे पातळाचा भाव विचारला. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या दुकानाची पायरी पुन्हा चढल्या नाहीत.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा जवळच्या मौद्याचा. नागपुरात केमिकल इंजिनिअरिंग शिकलो, तिथेच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो आणि धरमपेठेत बहिणीकडे राहू लागलो. टाकीतल्या द्रवाचं तापमान पाहिजे तिथे धरून ठेवायचं, हा माझा अभ्यासाचा विषय. पण टाकीच मिळत नव्हती. माझ्या गाईडना एका लग्नात सर भेटले. पंगतीत शेजारी बसलेले सर त्यांना म्हणाले, "माझ्याकडे एक टाकी आहे. तिले उन्हाळ्यात ताप येते. तो उतरवणारा एखादा पोट्टा असन तर पाठवा." दिवाळी झाल्यावर मला पाठवण्यात आलं.

टाकी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, पूर्वी चादरी ठेवत त्या खोलीत होती. बंद पडलेल्या कुठल्याशा डेअरीतून आणलेली, दुहेरी भिंतीची, स्टीलची. महारोगाचा जंतू कोणता हे जगाला केव्हाच कळलं होतं, पण शरीराबाहेर तो कोणालाच वाढवता आला नव्हता. तो वाढवता आला असता तर त्याच्यावर औषधं पारखणं किती सोपं झालं असतं. सरांचं म्हणणं असं की सगळे त्याला शरीराच्या आतल्या उबेत ठेवतात, आणि चूक तिथेच होते. "हा जंतू कुठं राहते? कानाले, नाकाले, गुडघ्याले, हाताले. जिथं थंड तिथं. त्याले कानाच्या पाळीइतकं थंड पाहिजे. आणि त्याले घाई नाही. महिनोन्‌महिने कोणी हालवायचं नाही."

कानाची पाळी नेमकी किती थंड असते, हे ठरवण्यासाठी त्यांनी घरादाराच्या पाळ्या मोजल्या. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा काकू कानाला तापमापकाची तार चिकटवलेल्या अवस्थेत पोळ्या वाढत होत्या. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमचाही नंबर लागल. आधी जेवून घ्या."

माझं यंत्र सुरुवातीला नीट चालेना. तापमान जरा चढलं की पंप थंड पाणी भसाभसा सोडायचा, मग टाकी गारठायची, मग हीटर लागायचा, की पुन्हा चढायचं. काटा सारखा हेलकावत राही. सर स्टूल ओढून एक अख्खी दुपार त्या काट्यासमोर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "हे यंत्र घाबरट आहे गा. जरासं काही झालं का धावते. ह्याले म्हणा, थोडं पाहून घे, मग धाव." मी तीच सुधारणा पुस्तकांत शोधत होतो. यंत्राचं धावणं कमी केलं आणि काटा जागेवर आला.

सरांचं दुसरं वेड म्हणजे 'अभाव'. महाल भागात एक वृद्ध शास्त्री राहत. दर रविवारी सकाळी सर त्यांच्याकडे जुनं तर्कशास्त्र शिकायला जात. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं. पण ते डोळ्यांना दिसतं, की दुसऱ्याच कुठल्या वाटेनं कळतं, यावर आपल्याकडच्या दर्शनांत शेकडो वर्षं भांडण चाललेलं आहे. सर एका रविवारी एका पक्षाकडून भांडत आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या पक्षाकडून. शास्त्रीबुवा वैतागून म्हणत, "डॉक्टर, आधी कुठल्या गोटातले ते ठरवा." सर म्हणत, "मी घड्याच्या गोटातला."

हे सगळं ते वॉर्डात घेऊन येत. इतर डॉक्टर विद्यार्थ्यांना विचारत, रोग्याला काय झालं आहे? सर विचारत, "काय नाही, ते सांग." विद्यार्थी गोंधळून जात. रोग्याच्या भुवयांची बाहेरची टोकं झडलेली असत, ती कुणाच्या लक्षात येत नसत. "जे आहे ते कोणालेही दिसते. डॉक्टरले नाही ते दिसलं पाहिजे. ह्या रोगात सगळं नाहीच आहे. दुखत नाही, भाजत नाही, टोचत नाही. म्हणून तर लोक येत नाहीत."

दर काही महिन्यांनी टाकीतला नमुना काढून सर सूक्ष्मदर्शकाखाली बघत. जंतू टाकीत सोडणं, नमुना काढणं ही कामं ते एकटेच, हातमोजे घालून करत. मला झाकणाला हात लावायची मुभा नव्हती. बराच वेळ बघून ते मान वर करत आणि म्हणत, "नाही." मग सगळ्या विभागाला तर्री-पोहे. मी पहिल्यांदा विचारलं की सर, हरल्याचे पोहे कसले? तर म्हणाले, "एक रस्ता बंद आहे हे कळलं. कळलं त्याचे पोहे."

त्याच हिवाळ्यात माझ्या बाबतीत एक गोष्ट घडली. यंत्राची तार जोडताना वितळलेल्या कथलाचा थेंब माझ्या डाव्या कोपराच्या जरा वर पडला. तिथे फोड आला, पण मला काही जाणवलं नाही. आरशात पाहिलं तेव्हा फोडाभोवती फिकट, कोरडा चट्टा दिसला. सुई टोचून पाहिली. ती दुसऱ्याच कुणाच्या हातात टोचल्यासारखी गेली.

सरांच्या सोबतीनं एवढं तरी मला समजत होतं. आमच्या मौद्यात एका चांगल्या धान व्यापाऱ्याला या रोगापायी गावाबाहेर नदीकाठी झोपडीत राहावं लागलं होतं. आम्ही मुलं तिकडे फिरकत नसू. त्याच्या बायकोला बाजारात कोणी भाजी हातात देत नसे, खाली ठेवत. आता मला माझी आई तशी वाकून भाजी उचलताना दिसू लागली. मला ते टाकीतूनच लागलं याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. बोलावं, तर माझं जे व्हायचं ते होईलच, पण सरांची खोलीही जाईल. मदतनिसाला रोग लागला म्हटल्यावर ते काम कोण चालू देणार? म्हणून मी गप्प बसलो. पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागलो. दवाखान्यात माझा चहाचा कप मीच विसळून वेगळ्या खिडकीत ठेवू लागलो. बहिणीची धाकटी मुलगी अंगाशी आली की काहीतरी काम काढून उठू लागलो. ती हिरमुसली होऊन आईकडे जाई.

असाच मे महिना आला. वाळ्याच्या ताट्या, कूलर, बर्फाच्या कारखान्यातून पोत्यांत बांधून आणलेल्या लाद्या, असा सगळा जामानिमा करून आम्ही टाकीचं तापमान धरून होतो. एका दुपारी वीज गेली. पंप थांबला. मी बर्फाचं पाणी डब्यानं टाकीच्या दुहेरी भिंतीत ओतू लागलो आणि सर काटा बघून "आण, थांब, आण" असं सांगू लागले. खोलीची भट्टी झाली होती. माझा शर्ट घामानं चिंब होऊन अंगाला चिकटला.

"थांब," सर म्हणाले.

मी काट्याकडे बघितलं. काटा जागेवर होता.

"काट्याचं नाही म्हणून राहिलो. इकडं ये." ते माझ्या बाहीकडे बघत होते. "मे महिन्यात पूर्ण बाह्या काहून घालते, हे मी मघापासून विचार करून राहिलो. ही बाही पाहा. काय नाही हिच्यात?"

मी खाली बघितलं. सगळी बाही ओली होती. कोपराच्या वर रुपयाएवढी जागा मात्र कोरडी, पांढरीफेक होती.

"घाम नाही," सर म्हणाले. "शर्ट काढ."

त्यांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला. शेजारच्या खोलीत नेऊन दार लावलं. मला डोळे मिटायला सांगितले. कापसाची बारीक वळी माझ्या हातावर इकडून तिकडे फिरवत ते विचारत राहिले, "लागलं?" काही ठिकाणी मी हो म्हणालो, मग बराच वेळ काही लागलं नाही. एका नळीत ऊन पाणी, एकीत गार, तीही लावून पाहिली. या रोगात जाड होणारी कोपरामागची शीर त्यांनी बोटांखाली घेऊन सावकाश चाचपली. मग माझ्या समोर बसले.

"हाव. तोच आहे," ते म्हणाले.

दुसरा कोणी असता तर काही नाही रे, काही नाही म्हणत राहिला असता. सरांनी ते असं सांगितलं जसं गाडी आली असं सांगावं. इतके महिने मी एकटा धरून बसलेली गोष्ट आता खोलीत दोघांपुढे होती, आणि ती एकट्यानं धरली होती त्याहून लहान वाटली.

"एकच चट्टा आहे. तुझं अंग त्याच्याशी चांगलं लढून राहिलं आहे. गोळ्या घेशीन, बरा होशीन. हात वाकडा होत नाही, बोटं झडत नाहीत. तुझ्यापासून कोणाले लागत नाही. तो कप खिडकीत ठेवते ना, तो उद्यापासून ट्रेमध्ये ठेव. मले वाटलं होतं तुले आमचा साबण आवडत नाही."

मी कथलाच्या थेंबापासूनची सगळी हकिगत सांगितली आणि विचारलं, "सर, टाकीतून लागलं ना?"

सर हसायला लागले. त्यांना तसं हसताना मी तेवढंच पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला.

"अरे, वर्षानुवर्षं मी त्याले अंड्याचा बलक चारून राहिलो, दूध पाजून राहिलो, कानाच्या पाळीएवढा थंडावा देऊन राहिलो. तिथं तो हूं का चूं करत नाही. आणि तुझ्यासाठी टाकीतून उडी मारीन? हा रोग आत शिरल्यावर दिसायले वर्षं घेते. तू दिवाळी झाल्यावर आला आणि चट्टा थंडीत दिसला. म्हणजे तू मौद्याहून म्हण, का नागपुरातून म्हण, कुठून तरी आधीच घेऊन आला. माझ्या टाकीनं तुले काही दिलं नाही." हसू ओसरलं आणि ते जरा उदास झाले. "तसं पाहिलं तर टाकीतून लागलं असतं म्हणजे तिच्यात काही तरी जिवंत आहे हे सिद्ध झालं असतं." मग चष्मा लावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण नाही लागलं हे बरं झालं गा. लय बरं झालं."

तेवढ्यात वीज आली आणि पलीकडे पंप सुरू झाला. "जा, काटा पाहा," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी भाचीला खांद्यावर बसवून साऱ्या धरमपेठेतून हिंडवून आणलं. ती माझे केस धरून प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्यानं वाचत होती, बहुतेक चुकीची.

औषध बरीच वर्षं चाललं. अधूनमधून सर टाकीच्या खोलीत शर्ट काढायला लावत आणि चट्ट्याची कड बॉलपेननं हातावर आखून ठेवत. पुढच्या वेळी ते जुन्या मापाशी ताडून पाहत. धानाच्या बांधीतलं पाणी आटताना कडेनं ओली माती उघडी पडत जाते, तशी माझी कातडी हळूहळू आपला रंग परत घेत आत सरकत गेली. सरांनी हे कोणालाही सांगितलं नाही. "काकूले सांगू का?" असं एकदा विचारलं होतं, मी नको म्हणालो, तर नाही सांगितलं. माझा प्रबंध पूर्ण झाला. गोळ्या बंद झाल्या. टाकीत काही उगवलं नाही.

मग घरात माझ्या लग्नाचा विषय निघाला. रामदासपेठेतलं एक स्थळ आलं. मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची, वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क. मी सरांना विचारलं, "सांगावं का?"

"सांग. मी येतो सोबत."

बहिणीला मी आधी सांगितलं. ती खूप रडली, मग माझा हात दिव्याजवळ नेऊन बराच वेळ निरखत राहिली. शेवटी म्हणाली, "मी नाही येत तिथं. माझ्यानं बसवणार नाही. तुझ्या सरायलेच घेऊन जा."

आम्ही सरांच्या स्कूटरवरून गेलो. मुलीच्या वडिलांनी हात जोडले आणि सरांनी सवयीप्रमाणे त्यांचे कान बघून घेतले. चहा आला. हवापाण्याच्या गोष्टी करायची सरांना सवय नव्हती.

"पोरगा चांगला आहे," ते म्हणाले. "ह्याच्या हाताले महारोगाचा एक चट्टा होता. मीच औषध दिलं. आता नाही."

वडिलांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि उठून आत गेले. दार लोटलेलं ऐकू आलं. मी चपला कुठे काढल्या ते आठवू लागलो.

मुलगी स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभी होती. ती म्हणाली, "चट्टा गेला. पण रोग गेला, हे कशावरून?"

सरांनी एकदम मान वळवली. "काय म्हटलं वं, बाई?"

"चट्टा नाही, ते डोळ्यांना दिसतं. रोग नाही, हे तुम्हाला कसं दिसलं?"

सर खुर्चीच्या टोकाला आले. मी तिथे आहे, लग्नाची बोलणी आहेत, हे ते विसरून गेले असावेत. कातडीचा तुकडा कसा तपासतात, शीर कशी चाचपतात, नवा चट्टा कुठे उठू शकतो, सगळं त्यांनी तिला समजावलं. मग शास्त्रीबुवांवर आले. "घडा फुटला का त्याचा जो अभाव होते, त्याले सुरुवात असते पण शेवट नसते, असं शास्त्री म्हणतात. ते ठीक आहे. पण मी डॉक्टर आहे. मी म्हणतो, दरवर्षी ह्याचं अंग तपासाचं. तुले पण येईन ते. मी शिकवीन."

ती हसली नाही, लाजलीही नाही. "शिकवा," म्हणाली.

आतलं दार उघडलं. वडील बाहेर आले आणि त्यांनी ते दार मागे लावून घेतलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "डॉक्टरसाहेब, हे जरा पाहाल का," असं म्हणून त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं. नडगीवर काळपट कडेचा एक गोल चट्टा होता. "घरात कोणाला माहीत नाही. फार वर्षांपासून आहे. हिचं लग्न मी दोनदा ठरता ठरता मोडलं, यापायी. पुढे कळलं तर मुलीचे हाल होतील म्हणून."

"बाबा," मुलगी म्हणाली.

सर खाली फरशीवर बसले. देवघरातून एक फुलवात मागवली, तिचं टोक सुटं केलं. "डोळे मिटा. आता सांगा, लागलं?"

"लागलं."

"इथं?"

"हो."

"चट्ट्याच्या बरोबर मधात लावून राहिलो. लागलं?"

"गुदगुल्या झाल्या."

"खाज सुटते?"

"फार. उन्हाळ्यात तर जीव नकोसा होतो."

"गजकर्ण आहे," सर म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "मलम लिहून देतो. लावा, आणि धोतर कोरडं नेसत जा. बस, इतकंच."

वडील तसेच धोतर धरून उभे राहिले. मग खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मुलगी त्यांच्यापाशी जाऊन बसली. सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. शेवटी वडिलांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "चहा थंड झाला तुमचा. दुसरा करतो. आणि संध्याकाळी बहिणीला घेऊन या."

लग्न झालं. सरांनी खरोखरच तिला शिकवलं, आणि वर्षातून एकदा ती मला खिडकीशी उभं करून डोक्यापासून पायापर्यंत तपासते, वहीपेन्सिलीवाल्या मास्तरणीच्या तोऱ्यात. तिला आजवर काही सापडलेलं नाही.

पुढे या रोगावर नवी औषधं आली, दोन-तीन मिळून एकदम द्यायची. रोगी भराभर बरे होऊ लागले. सर तेव्हा निवृत्तीला आले होते. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. इतकी वर्षं टाकीपाशी काढली आणि टाकीवाचून सगळं झालं. पण त्या काळात ते जितके मोकळे दिसले तितके मी त्यांना आधी पाहिले नव्हते. रस्त्यात भेटले तर आधी चेहरा बघू लागले होते.

निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. शेवटच्या प्रयोगासाठी भरलेली टाकी अजून चालू होती, काटा जागेवर होता. सर म्हणाले, "बंद कर."

मी म्हणालो, "सर, ही खेप अजून अर्धीच झाली आहे. मुदत तर पुरी होऊ द्या. कोणी सांगावं, या वेळी उगवेलही."

"नाही गा." त्यांनी स्वतःच हात पुढे करून बटण बंद केलं. पंपाचा आवाज थांबला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या. "साऱ्या मुलखात लोक त्याले मारून राहिले, आणि मी इथं एकटा त्याले जगवून राहिलो. बरं दिसत नाही ते."